साच्यात ओतलेल्या प्लास्टिकवरचे छोटे रेडिओ भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. वावरातला ओलावा, विहिरीची पातळी, मोटर चालू आहे की बंद, हे रेडिओवरून कळवणारी यंत्रं आम्ही बनवतो आणि दुरुस्तही करतो. मधल्या काळात या यंत्रांतली अँटिना आम्ही पीसीबीवरून, म्हणजे सर्किटच्या छापील पाटीवरून काढली आणि साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर नेली. या कामात आम्ही चुकलो, पैसेही घालवले आणि बरंच शिकलो. पॉलिटेक्निकची मुलं, मोबाइल दुरुस्तीवाले आणि ज्यांच्या धुऱ्यावर आमची यंत्रं उभी आहेत ते शेतकरी, सगळे तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

सबस्ट्रेट म्हणजे नेमकं काय?

तांब्याची रेघ ज्या पाटीवर बसते ती पाटी म्हणजे सबस्ट्रेट. रेडिओ उघडला की दिसणारी हिरवी पीसीबी हे काचेचं कापड आणि इपॉक्सी मिळून बनलेलं सबस्ट्रेट आहे. बाजारात त्याला एफआर-४ म्हणतात. दिवा लावायच्या सर्किटात पाटीचं काम फक्त आधार देण्याचं असतं. रेडिओत तसं नसतं. लहर तांब्याच्या पोटातून जात नाही, ती तांब्याच्या भोवतीच्या जागेतून जाते. त्यातली काही हवेतून जाते, काही पाटीतून. म्हणून रेडिओत पाटी हा सर्किटचाच एक भाग असतो, नकाशात तो काढलेला नसला तरी.

पाटीचे दोन आकडे पाहायचे, डीके आणि डीएफ. डीके म्हणजे डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट. त्या पदार्थात लहर किती आखडते हे तो सांगतो. हवेचा डीके १, टेफ्लॉनचा २.१, एफआर-४ चा ४.२ ते ४.७ आणि पाण्याचा ८० च्या आसपास. पाण्याचा हा ८० लक्षात असू द्या, खाली तो वारंवार येणार आहे. डीएफ म्हणजे लहरीची किती शक्ती त्या पदार्थातच उष्णता होऊन जिरते त्याचं माप. एफआर-४ चा डीएफ ०.०२ च्या आसपास असतो, टेफ्लॉनचा त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी.

पीसीबी चांगली चालते, मग प्लास्टिक ओतायची खटपट कशाला?

पीसीबीने भागत असेल तर खटपट करूच नका. शंभर-दोनशे यंत्रं करायची असतील आणि डब्यात जागा असेल, तर एफआर-४ वरची अँटिना उत्तम. आम्हीही सुरुवात तिथूनच केली.

अडचण आली ती आकाराची. पीसीबी सपाट असते आणि आमचा डबा गोल, कारण तो पीव्हीसी पाइपाच्या तोंडावर बसतो. सपाट पाटी गोल डब्यात घातली की कोपऱ्यांतली जागा वाया जाते आणि अँटिना बॅटरीला चिकटते. साच्यातून काढायचा तुकडा हवा तसा वाकडा घडवता येतो. डब्याच्या झाकणाची आतली बाजू हीच अँटिनाची पाटी होऊ शकते. खुंटी, खाच, स्क्रूचं भोक, सगळं एकाच ओतकामात निघतं. सुटा ब्रॅकेट लागत नाही, वायर लागत नाही, आणि हाताने डाग देण्याचे दोन सांधेही वाचतात. वावरात उभं राहणारं यंत्र बहुतेक वेळा सांध्यातच मरतं, म्हणून आम्हाला हा फायदा सगळ्यात मोठा वाटतो.

दुसरं कारण डीएफचं. चांगलं प्लास्टिक निवडलं तर एफआर-४ मध्ये जिरणारी बरीच शक्ती वाचते. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला तेवढाच दम मिळतो.

लहान म्हणजे किती लहान करता येतं? जास्त डीकेचं प्लास्टिक घेतलं की अँटिना आणखी लहान होईल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. याचं उत्तर थोडं लांब आहे, पण नीट वाचा, कारण बाकीची सगळी उत्तरं यावरच उभी आहेत.

आपल्याकडे लोरासारखी, म्हणजे कमी शक्तीत लांबवर थोडी माहिती पाठवणारी यंत्रं ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीची हवेतली लांबी ३४.६ सेंमी. तिचा पाव हिस्सा म्हणजे साधारण ८.७ सेंमी, ही साध्या उभ्या अँटिनाची लांबी. लहर एखाद्या पदार्थात पूर्ण बुडाली तर डीकेच्या वर्गमुळाने ती आखडते. डीके ४ असेल तर निम्मी, ९ असेल तर एक तृतीयांश. इथपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर आहे. मोबाइलमधल्या सिरॅमिक अँटिना याच तत्त्वावर लहान होतात.

पण लहान होण्याची किंमत मोजावी लागते. १९४७ साली व्हीलर यांनी आणि १९४८ साली चू यांनी हिशेब मांडून दाखवला, की अँटिना ज्या गोलात मावते तो गोल लहरीच्या मानाने जितका छोटा, तितका तिचा चालण्याचा पट्टा अरुंद होतो. आणि अरुंद होण्याचा वेग जबरदस्त आहे. आकार निम्मा केला की पट्टा जवळपास आठव्या हिश्श्यावर येतो. १ सेंमी त्रिज्येच्या गोलात मावणारी ८६६ मेगाहर्ट्झची अँटिना घ्या. तिच्यात काहीही जिरत नाही असं धरलं, तर तिला ढोबळमानाने ५ मेगाहर्ट्झचाच पट्टा मिळतो. आपल्याला त्यातले ३ लागतात.

आता दुसरा हिशेब. पाटीचा डीके १ टक्क्याने बदलला तर तिच्यावरच्या अँटिनाची फ्रिक्वेन्सी अर्ध्या टक्क्यापर्यंत सरकते. ८६६ चा अर्धा टक्का म्हणजे ४.३ मेगाहर्ट्झ. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. ५ चा पट्टा, ३ ची गरज आणि नुसत्या १ टक्क्याला ४.३ ची घसरण. मोठ्या अँटिनाला पाटी बदलली तरी फारसं कळत नाही. छोटी अँटिना मात्र पाटीच्या प्रत्येक लहरीपणाला नाचते. म्हणून भाग जितका छोटा करायचा, तितका पदार्थ स्थिर हवा. डीके कमी आहे की जास्त, यापेक्षा तो ऊन-पावसात जागचा हलतो का, हे आम्ही आधी पाहतो.

मग कोणतं प्लास्टिक घ्यावं?

डबे, बादल्या, खुर्च्या ज्यापासून होतात त्या पॉलिप्रॉपिलीनपासून सुरू करू. त्याचा डीके २.२ च्या आसपास, डीएफ फार कमी आणि पाणी ते जवळजवळ पीतच नाही. रेडिओसाठी इतका गुणी पदार्थ इतक्या स्वस्तात मिळतो याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. पण त्यावर तांबं चिकटत नाही, उष्णतेने ते भरपूर फुगतं आणि डाग द्यायला गेलं की वितळतं. म्हणून ते डब्याला घ्यावं, तांब्याची पाटी म्हणून नाही.

एबीएस या प्लास्टिकवर प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा, उत्तम बसतं. नळाच्या चकचकीत तोट्या, गाड्यांचे मोनोग्राम हे प्लेटिंग केलेलं एबीएसच असतं. डीके ३ च्या आत-बाहेर. पण १०५ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं आणि डीएफही मध्यमच. कमी खर्चात शिकायचं असेल तर एबीएस चालेल.

पॉलिकार्बोनेट आणि एबीएस यांचं मिश्रण मोबाइलच्या अँटिनांत खूप वापरलं गेलं. ताकद चांगली, ओतायला सोपं.

लिक्विड क्रिस्टल पॉलिमर, म्हणजे एलसीपी, हा या कामातला राजा. डीके साधारण ३, डीएफ ०.००२ ते ०.००४ आणि पाणी पिण्याचं प्रमाण वजनाच्या ०.०४ टक्क्याहून कमी. शिसं नसलेल्या सोल्डरच्या भट्टीत २४५ ते २६० अंश असतात, तेही तो सोसतो. इतका पातळ वाहतो की अर्ध्या मिलिमीटरहून पातळ भिंतही भरते. महाग आहे आणि त्याचे काही नखरे आहेत, ते साच्याच्या प्रश्नात सांगतो.

सायक्लिक ओलेफिन कोपॉलिमर, सीओसी, काचेसारखं पारदर्शक असतं. डीके २.३, डीएफ टेफ्लॉनच्या जवळ, पाणी नगण्य. फार वरच्या फ्रिक्वेन्सीला ते सुंदर चालतं, पण ठिसूळ आहे.

टेफ्लॉनचे आकडे सगळ्यात चांगले, मात्र ते नेहमीच्या मशीनमधून इंजेक्शनने ओतता येत नाही. वितळल्यावरही ते वाहत नाही, दाबून आणि भाजून घडवावं लागतं. त्यामुळे साच्याच्या कामात ते आपोआप मागे पडतं.

आता नायलॉन. त्याला वेगळा प्रश्न द्यावा लागतो.

पावसाळ्यात यंत्र मुकं का होतं?

आमच्या पहिल्या खेपेला अँटिनाची पाटी काच मिसळलेल्या नायलॉनची होती. मजबूत, उष्णता सोसणारं, दाणा (ओतायचा कच्चा माल) सहज मिळणारा. मोल्डिंगवाल्याने सुचवलं आणि आम्ही हो म्हटलं. निर्णय आमचाच होता. मे महिन्यात २० यंत्रं बसवली, सगळी ठणठणीत चालली. जुलैत आठ दिवसांची झडी लागली आणि एकेक यंत्र गप्प होत गेलं. समुद्रपूरकडच्या एका काकांचा फोन आला, "काहून भाऊ, पाणी आलं का तुह्यं मशीन मुकं होते, अन् मले तं पाण्याचंच सांगाले बसवलं न ते?" त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं आणि ते ऐकून वाईट वाटलं.

यंत्र काढून आणलं. डबा आतून कोरडा होता. सर्किट ठीक, बॅटरी ठीक. मग अँटिना नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी यंत्राला जोडली. अँटिना ज्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात चांगली चालते तिथे पडद्यावरच्या रेषेत खोल दरी पडते. ती ८६६ वर दिसायला हवी होती, पण ८४१ वर बसली होती. तीच पाटी पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवली. चौथ्या दिवशी दरी ८५७ वर आली, पंधराव्या दिवशी पुन्हा ८६६ च्या जवळ.

पाणी डब्यात शिरलंच नव्हतं, ओल हवेतून थेट नायलॉनमध्ये गेली होती. नायलॉन पाण्यात मुरवलं तर शुद्ध रूपात वजनाच्या ८ टक्क्यांपर्यंत पाणी पितं. पाण्याचा डीके ८० आणि कोरड्या नायलॉनचा ३ ते ४. त्यात थोडं जरी पाणी मुरलं तरी डीके वर चढतो, अँटिना खाली सरकते आणि डीएफ वाढल्याने शक्तीही जिरते. रबरी गॅस्केट, सिलिकॉन, कशानेच हे थांबत नाही. झडीत हवाच ओली असते आणि ती ओल प्लास्टिकच्या भिंतीतूनही हळूहळू आत झिरपते.

म्हणून दाणा निवडताना आम्ही आता त्याच्या माहितीपत्रकातली पाणी शोषणाची ओळ सगळ्यात आधी वाचतो. ०.१ टक्क्याच्या वरचा आकडा दिसला की छोट्या अँटिनासाठी तो दाणा बाजूला.

पण पावसात सिग्नल तसाही कमी होतो. दोष प्लास्टिकचाच आहे हे कसं ओळखायचं?

सुधारायला किती वेळ लागतो ते पाहा. पाऊस थांबून ऊन पडल्यावर तासाभरात सिग्नल परत आला, तर दोष बाहेरच्या पाण्याचा. डब्यावर पाण्याचा थर साचत असेल किंवा ओली पऱ्हाटी (कपाशी) अँटिनाच्या आड येत असेल. सप्टेंबरात पऱ्हाटी छातीला लागते. जूनमध्ये गुडघ्याएवढ्या खांबावर बसवलेलं यंत्र तेव्हा पानांत बुडून जातं. खांब उंच करा, डब्याचं झाकण उतरतं करा, अँटिना आणि झाकणाच्या मध्ये बोटभर पोकळी ठेवा. सिग्नल परत यायला दिवसच्या दिवस लागत असतील, तर पाणी पदार्थात मुरलं आहे. तिथे डबा बदलून उपयोग नाही, पाटी बदलावी लागेल.

आणि उन्हाळ्याचं काय? आपल्याकडे ४५ च्या वर जातं.

जातं, आणि ते सावलीतलं असतं. वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी भागात मे महिन्यात बंद डबा उन्हात राहिला तर आतलं तापमान ६५ च्या पुढे जाताना आम्ही पाहिलं आहे. हिवाळ्यात पहाटे तोच डबा १० अंशांवर असतो. या फरकात प्लास्टिक फुगतं आणि आकसतं. ८.७ सेंमी लांबीचा पॉलिप्रॉपिलीनचा तुकडा ५० अंशांच्या फरकात साधारण ०.४ मिमी वाढतो. त्यावरचं तांबं मोकळं असतं तर जेमतेम ०.०७ मिमी वाढलं असतं. दोघांची ही रोजची ओढाताण चालते आणि एक दिवस तांब्याला केसासारखी भेग पडते. भेग डोळ्याला दिसत नाही. सकाळी यंत्र चालतं, दुपारी बंद पडतं, रात्री पुन्हा चालू होतं. असा तक्रारीचा नमुना आला की आम्ही आधी भिंगाखाली वळणांच्या जागा तपासतो, कारण भेग तिथेच पडते. एलसीपीचं फुगणं तांब्याच्या जवळ आणता येतं, हा त्याचा मोठा गुण.

डब्याला पांढरा रंग द्या. फक्त धातूची भुकटी असलेला चंदेरी रंग देऊ नका. तो दिसायला थंड वाटतो, पण अँटिनाला झाकून टाकतो.

काळं प्लास्टिक उन्हात टिकतं म्हणतात, ते चालेल का?

टिकतं हे खरं. कार्बन ब्लॅक उन्हातल्या अतिनील किरणांपासून प्लास्टिक वाचवतो. डब्यासाठी दोन-अडीच टक्के कार्बन असलेलं चांगल्या प्रतीचं काळं प्लास्टिक चालून जातं. अँटिनाच्या पाटीला मात्र काळं टाळा, कारण कार्बन वीज वाहतो आणि डीएफ वाढवतो. भंगारातून पुन्हा गाळलेला काळा दाणा तर डब्यालाही नको. त्यात काय काय मिसळलं आहे ते कुणालाच ठाऊक नसतं आणि प्रत्येक पोत्याचा डीके वेगळा निघतो.

प्लास्टिकवर तांबं चढवतात कसं?

मुख्य रस्ते तीन आहेत.

पहिला एबीएसचा जुना रस्ता. क्रोमिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात तुकडा बुडवतात. आम्ल एबीएसमधले रबराचे बारीक कण खातं आणि पृष्ठभागावर सूक्ष्म खळगे पडतात. त्यात पॅलेडियमचे कण बसवतात. मग विजेशिवाय, रासायनिक अंघोळीतच तांबं त्या कणांवर जमतं. यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोग करणारं आहे. हे काम घरी, अंगणात, विहिरीच्या आसपास कुणीही करू नये. मुलांना मी हे दर वेळी सांगतो. परवाना आणि सांडपाण्याची सोय असलेल्या प्लेटिंग युनिटकडेच द्या.

दुसरा रस्ता दोन वेळा ओतण्याचा. आधी प्लेटिंग धरणारं प्लास्टिक ओतायचं, मग त्याच साच्यात न धरणारं. अंघोळीत बुडवलं की तांबं फक्त पहिल्यावर चढतं. साचा महाग, पण नग झपाट्याने निघतात.

तिसरा लेझरचा, ज्याला एलडीएस म्हणतात. एलपीकेएफ या जर्मन कंपनीने तो बाजारात आणला. दाण्यातच तांबं आणि क्रोमियम यांच्या ऑक्साइडची भुकटी मिसळलेली असते. १०६४ नॅनोमीटरचा लेझर जिथे फिरतो तिथे पृष्ठभाग खरबरीत होतो आणि भुकटीतले धातूचे कण जागे होतात. पुढच्या अंघोळीत तांबं फक्त त्या रेघांवर बसतं, वर निकेल आणि सोन्याचा पातळ मुलामा. याचं खरं सुख असं की अँटिनाची रेघ बदलायची तर फक्त लेझरची फाइल बदलायची, साचा तोच. आमची रेघ चार वेळा बदलली, त्यामुळे हे सुख मी अनुभवलं आहे. लेझरचं काम आम्ही बाहेरून करून घेतो.

तांब्याचा थर किती जाड हवा?

८६६ मेगाहर्ट्झला वीज तांब्याच्या वरच्या २.२ मायक्रॉनमध्येच बहुतेक वाहते. २.४ गिगाहर्ट्झला १.३ मायक्रॉन. यालाच स्किन डेप्थ म्हणतात. तिच्या तीन-चार पट थर घ्या, म्हणजे आपल्या पट्ट्यासाठी ७ ते ९ मायक्रॉन. त्याहून पातळ असेल तर शक्ती जिरते, फार जाड केला तर वेळ आणि पैसा जातो, फायदा नाही.

थराची खालची बाजू खरबरीत असेल तर वीज चढउतारांवरून जाते आणि नुकसान वाढतं. गंमत अशी की तांबं धरून ठेवायला हाच खरबरीतपणा लागतो. ८६६ ला ही तडजोड सोसते, काही मिलिमीटर लांबीच्याच लहरींना सोसत नाही. आणि वरचं निकेल शक्य तितकं पातळ सांगा, ते तांब्याइतकं चांगलं वाहक नाही.

साचा केला तर परवडतं का?

हिशेब स्वतः मांडून पाहा. समजा साच्याला २ लाख रुपये लागले, पीसीबीवरची अँटिना ब्रॅकेट आणि जोडणीसकट ४० रुपयांना पडते आणि ओतलेली प्लेटिंगसह १५ ला. एका नगामागे २५ रुपये वाचले, म्हणजे ८,००० नगांनंतर साचा फिटला. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या कोटेशनचे घाला. हजाराच्या आत नग असतील तर आम्ही स्पष्ट नको म्हणून सांगतो. चार गावच्या लोकांनी मिळून एकच आकार ठरवला आणि एक साचा केला तर मात्र चित्र बदलतं. हे आपल्याकडे व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

साच्यात काय काय बिघडतं?

बरंच काही, आणि डबे ओतणाऱ्याला ते दोष वाटतच नाहीत. डबा दिसायला ठीक असला की त्याचं काम झालं. आपल्याला आतला पदार्थही सगळीकडे सारखा हवा असतो.

पहिली गोष्ट आकसणं. एबीएस थंड होताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं, पॉलिप्रॉपिलीन १ ते २.५ टक्के. साचा तेवढा मोठा कोरावा लागतो. दाब किंवा थंड व्हायचा वेळ बदलला की आकसणंही बदलतं आणि फ्रिक्वेन्सी सरकते. म्हणून मशीनवरची सेटिंग कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या खेपेला तीच वापरायला सांगा.

दुसरी गोष्ट गेटची जागा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरतं ते तोंड. भोकाला वळसा घालून दोन धारा भेटतात तिथे वेल्ड लाइन पडते. एलसीपीचे लांब रेणू प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात, भातशेतीत पाणी सोडल्यावर तण एका बाजूला झोपतं तसे. त्यामुळे त्याचं फुगणं, आकसणं आणि डीकेसुद्धा प्रवाहाच्या दिशेत वेगळा आणि आडव्या दिशेत वेगळा असतो. वेल्ड लाइन तर त्याची सगळ्यात कच्ची जागा. अँटिनाची रेघ तिच्यावरून जाता कामा नये. आमच्या एका खेपेत ती नेमकी खाचेजवळ आली होती. नखाने दाबलं तर टक् असा आवाज होऊन तुकडा दोन झाला, कडा अगदी सरळ, खाऱ्या बिस्किटासारखी.

तिसरी गोष्ट दाणा वाळवणं. पॉलिकार्बोनेट १२० अंशांवर तीन-चार तास वाळवूनच हॉपरमध्ये घालायला हवं. घाईत ओला दाणा ओतला की आत वाफेचे बुडबुडे राहतात आणि पृष्ठभागावर चंदेरी फराटे दिसतात. पावसाळ्यात उघड्या पोत्यातला दाणा घेऊच नका.

थ्रीडी प्रिंटरवर करून चालणार नाही का?

आकार पाहायला, डब्यात बसतं का तपासायला, जरूर. पीएलए मात्र ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आपल्या उन्हात ते वाकतं. शिवाय थरांमध्ये हवेच्या फटी राहतात. त्यामुळे प्रिंटवर मोजलेली फ्रिक्वेन्सी साच्यातल्या तुकड्यावर तशीच येत नाही.

फक्त अँटिनाच होते की फिल्टर, वेव्हगाइडही?

तेही होतात. वेव्हगाइड म्हणजे धातूची पोकळ नळी, लहर आतल्या हवेतून जाते. प्लास्टिकची नळी आतून धातूने मढवली की प्लास्टिकच्या डीके-डीएफचा संबंधच उरत नाही. फक्त आकार अचूक हवा. मोटारींच्या ७७ गिगाहर्ट्झ रडारमध्ये असे मढवलेले प्लास्टिकचे वेव्हगाइड वापरात आले आहेत. तिथे लहर ३.९ मिमीची असते. इतके बारीक साचे करायचं एक तंत्र, लिगा, जर्मनीत कार्ल्सरूहला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घडलं.

अरुंद फिल्टर, म्हणजे ठरलेल्या थोड्याच फ्रिक्वेन्सी पुढे सोडणारा भाग, प्लास्टिकच्या पाटीवर करायचा विचार मात्र सध्या सोडून द्या. डीके किंचित सरकला तरी तो हवा तो सिग्नलच अडवतो. त्यासाठी तयार सॉ (एसएडब्ल्यू) फिल्टर स्वस्तात मिळतो, तोच लावा.

सोल्डर कसं करायचं?

एलसीपी असेल तर नेहमीसारखं. एबीएस किंवा त्याचं मिश्रण असेल तर कथील-बिस्मथचं १३८ अंशांना वितळणारं सोल्डर घेऊन अगदी थोडा वेळ, किंवा सोल्डर टाळून स्प्रिंगची टोचणी. आम्ही टोचणीच वापरतो.

परवाना लागतो का?

८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. मात्र यंत्र विकायचं असेल तर केंद्राच्या डब्ल्यूपीसी या रेडिओ परवान्यांच्या विभागाची ईटीए नावाची उपकरण-मंजुरी लागते. तयार मंजूर रेडिओ मॉड्यूल घेतलं तर काम सोपं होतं.

हे शिकायला, तपासायला कुठे जायचं?

मोल्डिंग आणि साच्याचं शिक्षण चंद्रपूरच्या सिपेट या प्लास्टिकच्या सरकारी संस्थेत मिळतं. विदर्भातल्या मुलाला त्यासाठी मुंबई-पुणे गाठायची गरज नाही. रेडिओचा अभ्यास नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत. मायक्रोवेव्ह आणि चाचण्यांसाठी मुंबईची समीर ही सरकारी संस्था. मायक्रोवेव्हच्या पदार्थांवर केरळात त्रिशूरच्या सी-मेट या सरकारी संस्थेत काम चालतं. पण सुरुवात करायला एक नॅनोव्हीएनए आणि वहीपेन पुरे.

हातात आलेला तुकडा चांगला की वाईट, घरी कसं तपासू?

सोनाराचा काटा लागेल, मिलिग्रॅम दाखवणारा. तुकडा आधी सिलिका जेलच्या डब्यात चार दिवस ठेवा. बाहेर काढून वजन घ्या आणि वहीत लिहा. त्यावर तांब्याची चिकटपट्टी लावून, वायर जोडून नॅनोव्हीएनएवर दरी कुठे पडते ते लिहा. पट्टी काढू नका. तुकडा सात दिवस साध्या पाण्यात बुडवून ठेवा. मग सुती फडक्याने नीट पुसा, पंख्याखाली अर्धा तास राहू द्या, म्हणजे वरचं पाणी जाईल. पुन्हा वजन, पुन्हा दरी. आमच्या एलसीपीच्या २ ग्रॅमच्या तुकड्याचं वजन काट्यावर जेमतेम हललं आणि दरीही जागेवर राहिली. नायलॉनच्या तेवढ्याच तुकड्याने ९० मिलिग्रॅम पाणी प्यायलं होतं. पट्टी, वायर आणि तिची दिशा दोन्ही वेळा तशीच ठेवा आणि मोजताना तुकड्याजवळ हात नेऊ नका. हातातही पाणीच असतं आणि दरी तुमच्या बोटांमागे पळते.